सातांस सहा

कुलस्वामिनीच्या दर्शनास निघालेल्या माणसानें वाटेंत हिशेबाच्या वह्या उघडून बसावें, अशी कांहीं रीत नाहीं. पण गेल्या मार्गशीर्षांत आम्हीं तुळजापूरची जी यात्रा केली, तींत देवीच्या दर्शनाइतकीच एक जुनी वही आमच्या लक्षांत राहिली. तिची हकीकत घरोघरच्या मंडळींनीं ऐकण्याजोगी वाटल्यावरून येथें देत आहों.

पुण्याहून आम्ही बार्शीस मुक्काम केला व सकाळीं येडशीच्या रस्त्यास लागलों. दोहों बाजूंस पोटऱ्यांत आलेली ज्वारी व शेंगांनीं लवलेली तूर. पुढें बालाघाटाच्या टेकड्या. बार्शी सोडल्यावर 1948 पर्यंत अलीकडची हद्द संपून निजामाचें राज्य, वडिलांच्या भाषेंत ‘मोगलाई’, लागत असे. ती हद्द आम्हीं केव्हां ओलांडली, हें आम्हांस कळलेंहि नाहीं.

पूर्वीं मात्र ती खिशास कळे. अलीकडे इंग्रज सरकारचा ‘कलदार’ रुपया. पलीकडे निजामाचा, चारमिनारचें चित्र असलेला ‘हाली शिक्का’. रुपयाचे आणे दोहोंकडे सोळाच, पण रुपयांची किंमत एक नव्हे. सरकारी भाव 100 कलदारांस 116 रुपये 10 आणे 8 पै हाली असा असे. हा आकडा पाहून वाचकांनीं बिचकूं नये. सात हाली म्हणजे सहा कलदार, एवढाच त्याचा अर्थ. या फरकास वटाव म्हणत.

हा भाव बांधलेला असला तरी निराधार नव्हता. 1914 च्या महायुद्धापूर्वीं लंडनच्या एका पौंडास पॅरिसचे सुमारें 25 फ्रँक 22 सांतीम मिळत, तें दोन्ही नाण्यांच्या मोलांतील सोन्याच्या वजनामुळें. येथें सोन्याच्या जागीं चांदी होती. जुन्या कलदारांत शुद्ध चांदी सुमारें 10.69 ग्रॅम, हालींत सुमारें 9.14 ग्रॅम. सहा कलदारांची चांदी 64 ग्रॅम भरते, आणि सात हालींचीहि तितकीच! पुढें 1940 पासून कलदारांतील चांदी निम्म्यावर आली. तरी सातांस सहा हें प्रमाण टिकून राहिलें.

परक्या नाण्याची पारख या मुलखास नवी नाहीं. वांकडी वाट करून आम्हीं तेर पाहिलें. गोरोबाकाकांचें हें गांव म्हणजेच प्राचीन तगर. पहिल्या शतकांतील एका ग्रीक व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’ नामक ग्रंथांत, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असून तेथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरास जातें, असें लिहिलें आहे. त्या बंदरांत रोमन सोन्यारुप्याचीं नाणीं स्थानिक नाण्यांशीं बदलतांना नफा होतो, हेंहि त्यानें नमूद केलें आहे. तेरच्या वस्तुसंग्रहालयांतील मातीचीं भांडीं व मणी पाहतांना, वटावाची घासाघीस आपल्या आजोबांच्याहि किती आधींची, हें मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं.

दुपारीं धाराशिवास थोरल्या घरीं पोहोंचलों. या घराशीं आमचें जाणेंयेणें तीन पिढ्या तुटलेलें होतें. कारण शंभर रुपयांचें. आमचे आजोबा मोगलाईंत नोकरीस होते. त्यांनीं मुलांच्या शिक्षणासाठीं 700 रुपये थोरल्या भावाजवळ ठेविले होते. ते अकालीं वारले व आजी मुलांसह पुण्यास माहेरीं आली. पुढें थोरल्या आजोबांकडून हुंडी आली ती 600 ची. आजीच्या पेटींतल्या चिठीवर मात्र 700 चा आकडा. ती माउली कोणास कांहीं बोलली नाहीं. फक्त त्या वर्षापासून तिनें देवीचा गोंधळ निराळा घातला. लग्नामुंजींच्या अक्षता दोहोंकडून जात. माणूस मात्र जात नसे.

थोरल्या घरच्या काकूंनीं माळ्यावरून वही काढविली. आमच्यांतील एकास मोडी वाचतां येते. फसली 1348, म्हणजे इ. स. 1938-39 च्या खात्यांत चार ओळी निघाल्या: ‘हाली रुपये 700. पैकीं वटाव 100. बाकी कलदार 600 पुण्यास रवाना. हुंडणावळ घरखर्चीं.’

एक पैहि कमी आली नव्हती. उलट हुंडीचा खर्च थोरल्या आजोबांनीं आपल्या अंगावर घेतला होता. आम्ही सारे खालीं माना घालून बसलों.

“काकू, मग त्या वेळीं कोणीं आजीला सांगितलें कसें नाहीं?”

काकू म्हणाल्या, “आमच्याकडे जो तो म्हणे, हिशेब चोख आहे, मग सांगायचें काय? आणि तुमच्याकडे विचारायचा संकोच. बाळांनो, वटाव म्हणजे काय, हें इथें शेंबड्या पोरालाहि ठाऊक होतें. पुण्यांत ठाऊक नसेल, हें कोणाच्या ध्यानांतच आलें नाहीं.”

हाली शिक्का काढणें 1951 मध्यें थांबलें व 1959 मध्यें तो चलनांतून कायमचा गेला. त्याच्याबरोबर सातांस सहाचा पाढाहि विसरला गेला. आमच्या घरांतली अढी तेवढी उरली होती. आजहि पुष्कळ घरांतील मुलें परदेशांतून पैसे पाठवितात, वाटण्या होतात, उसनवारी चालते. हिशेब चोख ठेवणाऱ्यानें तो समोरच्यास उलगडून सांगावा, आणि ज्यास शंका येईल त्यानें ती पेटींत न ठेवतां विचारावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.

दुसऱ्या दिवशीं काकूंना घेऊन आम्ही तुळजापूरच्या पायऱ्या उतरलों. कल्लोळ तीर्थावर पाय धुवून सर्वांनीं मिळून देवीची ओटी भरली. काकूंनीं एक ओटी आमच्या आजीच्या नांवानें निराळी भरविली. यंदाचा गोंधळ थोरल्या घरीं, दोहों घरांचा मिळून व्हावयाचा आहे.