लामिया आणि मारबत

बी. ए.च्या वर्गास ग्रीक पुराणकथा शिकविताना मेडूसेपाशी विद्यार्थी हटकून जागे होतात. केसांच्या जागी वळवळणारे सर्प, आणि दृष्टीस दृष्टी मिळताच शिळा झालेला मनुष्य! परंतु ओव्हिडने दिलेला पूर्ववृत्तांत सांगितला, की वर्ग गप्प होतो. मेडूसा मुळात रूपवती कुमारिका होती. समुद्रदेवाने अथीनेच्या देवळात तिच्यावर बलात्कार केला, आणि देवीचा कोप झाला तो तिच्याच केसांवर. असला न्याय केवळ ऑलिंपसवरच चाले, असे समजण्याचे कारण नाही.

लामियेवर मात्र मी दोन वाक्यांहून अधिक बोलत नाही. ती लिबियाची राणी. झ्यूसची तिच्यावर प्रीती जडली म्हणून हेराने तिची लेकरे मारली. त्या दुःखाने वेडी होऊन ती दुसऱ्यांची लेकरे खाऊ लागली. एवढे सांगून मी पान उलटतो, कारण मला आमच्या सदरमधील घराची ओसरी दिसू लागते.

माझ्या एका आत्येची तीन मुले पाठोपाठ गेली. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडले, ते कायमचेच. आई मनाने दुष्ट नव्हती. तरी आत्या ओसरीवर आली, की ती माझ्या गालास काजळ लावी, आणि मी जेवीत असलो तर पदर आड धरी. आत्येला ते दिसे. ती उठून आत जाई.

श्रावणी अमावास्येस आई पिठोरीचे व्रत करी. त्या कहाणीतील सुनेचे मूल दरवर्षी जाते, सासरा तिला मेलेल्या लेकरासह घालवून देतो, आणि योगिनींच्या कृपेने तिची सारी मुले उठतात. आत्या ही कहाणी दाराआडून ऐके.

दुसऱ्या दिवशी मारबत. नागपूरबाहेरच्या वाचकास सांगितले पाहिजे, की तान्ह्या पोळ्यास आमच्याकडे काळी आणि पिवळी अशा दोन प्रचंड स्त्रीप्रतिमा मिरवीत नेऊन जाळतात. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ ची. गावची रोगराई तिने घेऊन जावी, अशी आरोळी उठते. लोक तिला पूतना म्हणतात. स्तन दिला एवढ्यावरून भागवतकारांनी पूतनेस मातेची गती दिली, हे त्या गर्दीत कोण आठवणार? काळीत तर इंग्रजांस मिळालेली म्हणून भोसल्यांची बाकाबाईही पाहतात. राज्य खालसा केले डलहौसीने, १८५४ साली. त्याची प्रतिमा दरवर्षी निघालेली मी पाहिली नाही.

मी सात वर्षांचा असताना वडिलांच्या सायकलवर बसून इतवारीत मारबत पाहून आलो. अंगात ती आरोळी भिनली होती. अंगणात शिरताच मी ती पुन्हा ठोकली. समोर आत्या होती, माझ्या पायांवर घालावयास पाण्याचा तांब्या घेऊन. ओसरीवर आई थिजून उभी राहिली.

"नेते रे बाबा, सगळं घेऊन जाते," आत्या म्हणाली, आणि खाली बसून माझे धुळीने भरलेले पाय धुऊ लागली.