आमटी निवेपर्यंत प्रार्थना

नगरच्या मिशन कंपाउंडात वाढलेल्या आमच्या पिढीला विचारा, लहानपणी सर्वांत जास्त वाट कशाची पाहिलीत? निम्मेअधिक जण सांगतील, ‘आमेन’ची. ताट समोर, आमटीचा वास नाकात आणि आजोबांची प्रार्थना अजून परदेशच्या सेवकांपाशीच रेंगाळलेली! तिथून ती पंतप्रधानांवर यायची, मग मंडळीतले आजारी, मग प्रवासातले, मग पाऊस. डोळे मिटलेले असले तरी कोणाचा हात पापडाकडे सरकतोय ते आजीला बरोबर कळायचे.

वडील शिक्षक, आई नर्स, हे त्या वस्तीतल्या कितीतरी घरांचे ठरलेले गणित. पगार बेताचा, पाहुणे बेसुमार. रात्री जेवणाआधी पेटीवर एक भजन व्हायचे, पवित्र शास्त्रातला अध्याय आळीपाळीने वाचला जायचा आणि मग प्रत्येकाने त्या दिवसातल्या एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे. ‘सर्व आशीर्वादांबद्दल’ असे मोघम म्हटलेले आजीला चालत नसे. “सर्व म्हणजे कुठले? नाव घे.” कालचेच आज पुन्हा सांगितले तर हमखास पकडले जायचो. त्यामुळे दिवेलागण झाली की आम्ही दिवस धुंडाळू लागायचो. नळाला पाणी आले, शेजारच्या मावशींनी पेरू दिले, गणिताचे सर रजेवर होते. सरांच्या रजेबद्दल देवाचे आभार मानलेले आजोबांना मुळीच खपले नाही. आजी मात्र पदराआड हसली.

या शिस्तीची परीक्षा झाली १९७२च्या दुष्काळात. रेशनवर लाल मिलो मिळायचा. भाकरी थापताना तुटायची, खाताना घशात अडकायची. एका रात्री धाकटा भाऊ जोडलेल्या हातांनीच म्हणाला, “खोटं कशाला बोलू? मला ही भाकरी आवडत नाही.” आता कोण रागावतो म्हणून आम्ही एक डोळा किलकिला केला. आई म्हणाली, “मग ठेच्याचे आभार मान.” त्याने मानले आणि निमूट जेवला. फिलिप्पैकरांस पत्र पौलाने तुरुंगातून लिहिले आणि त्यातच आनंद करायला पुन्हा पुन्हा बजावले, हे पाळकसाहेब उपदेशात नेहमी सांगत. आम्ही ते तोवर कानाआड करत आलो होतो.

आजीला लिहिता-वाचता बेताचेच येत होते, पण भजने तोंडपाठ. विलायती चालींवरची गीते ती आदराने ऐकायची. चुलीपुढे गायची मात्र टिळकांची. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग-ओवीचा नाद सोडला नाही, म्हणून तर ‘उपासना संगीत’मधली त्यांची पदे आजीसारख्यांच्या ओठी सहज बसली. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ तर आमच्याकडे मोठ्याने वाचले जायचे. घरात दोन पैसे आले की टिळक ते कोणाला तरी देऊन मोकळे, आणि ते सांगताना या बाईंना हसू! इतके आनंदी ख्रिस्ती पुस्तक मराठीत दुसरे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कापणीच्या सणाला आसपासच्या खेड्यांतली माणसे कणसे, भोपळे, कोंबड्या, अंडी घेऊन मंदिरात येत. उपासना संपली की आवारात लिलाव. एखादे गावरान अंडे कोणीतरी रुपयाला घ्यायचे, लगेच परत मंडळीला द्यायचे, की पुन्हा बोली सुरू. असे एकच अंडे तीन-तीनदा विकले जायचे आणि शेवटी कोणाच्या तरी पोराच्या हातातून पडायचे. रविवारी चिटणीस पाकिटे वाचत: अमुक कुटुंबाकडून बाळाला पहिला दात आल्याबद्दल उपकारस्तुती, रुपये दोन. दाताचे दोन रुपये ऐकून कोणीही हसत नसे.

पण सगळेच गोड होते असे म्हणणार नाही. शाळेचा पगार थकला की ‘असेल त्यात उपकार माना’ असे वरून ऐकवले जायचे. उपकारस्तुतीचा असा झाकणासारखा वापर झालेला मी पाहिला आहे आणि त्याची चीड अजून गेलेली नाही. वडील रात्री मनापासून आभार मानायचे, आणि तोच कंदील पुढे ओढून थकलेल्या पगाराचा अर्ज लिहायला बसायचे. त्यांना यात कधी विसंगती वाटली नाही. मलाही वाटत नाही.

आता ती घरे पांगली. कोणी पुण्यात, कोणी मुंबईत, कोणी थेट अमेरिकेत. जेवणे वेगवेगळ्या वेळी होतात, प्रार्थना दोन वाक्यांत आटोपते आणि ‘सर्व आशीर्वादांबद्दल’ निर्धास्तपणे चालून जाते. नाव घे म्हणणारे कोणी उरलेले नाही. मंडळीच्या वह्यांत बाप्तिस्मे, लग्ने, दफने, दाने सगळे नोंदलेले सापडेल. घरोघरच्या प्रार्थना मात्र कोणी लिहून ठेवल्या नाहीत. तुमच्या घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल तर येत्या रविवारी जेवणाआधी त्यांनाच प्रार्थना करायला सांगा, आणि ती मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. आमटी निवली तर निवू द्या.