चतुर्थांशांची न संपणारी बेरीज

एका वस्तूचा चतुर्थांश घ्यावा, त्यात त्या चतुर्थांशाचा चतुर्थांश मिळवावा, मग त्याचाही. पदे संपत नाहीत, तरी बेरीज १/३ ओलांडत नाही.

असे का, हा प्रश्न केरळचे गणिती नीलकंठ सोमयाजी (जन्म १४४४) यांनी ‘आर्यभटीया’वरील भाष्यात उपस्थित केला. बेरीज एवढीच का वाढते, आणि एवढी वाढतेच हे कशावरून? या जोडप्रश्नातच त्यांची प्रतिभा दिसते. निव्वळ उत्तर हवे असणारा पहिल्या भागापाशीच थांबला असता.

१/३ मधून १/४ काढल्यास १/१२ उरतो. त्यातून १/१६ काढल्यास १/४८. उरलेला भाग दर पायरीस आधीच्या चौथाईवर येतो. कितीही पदे घेतली तरी तो शून्य होत नाही. मात्र पदे वाढवीत गेल्यास हवा तितका सूक्ष्म करता येतो. म्हणून अनंत पदांची बेरीज नेमकी १/३. ही खटपट होती जीवा आणि शर यांवरून वर्तुळकंसाची लांबी काढण्यासाठी.

अभिमान बाळगावा, पण नोंद चोख असावी: याच चतुर्थांशांची श्रेढी आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अन्वस्ताचे क्षेत्रफळ काढताना हाताळली होती. त्याने अनंत बेरीज उघडपणे न मांडता, उत्तर याहून अधिकही नाही आणि उणेही नाही, असे दाखवले.

महाराष्ट्राचा धागा ‘लीलावती’तून येतो. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी तीत सान्त गुणोत्तर श्रेढी शिकवली: पहिल्या दिवशी २ कवड्या, मग रोज दुप्पट, तर महिन्याचे दान किती? २,१४,७४,८३,६४६ कवड्या! चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे तेथील शिलालेख सांगतो. हाच ग्रंथ पुढे केरळात पोहोचला. नीलकंठांचे शिष्य शंकर वारियर यांनी त्यावर ‘क्रियाक्रमकरी’ ही टीका लिहिली.

आणि उपनगर? अंधेरी-घाटकोपरच्या मधल्या पवईत, आयआयटी मुंबईत, के. रामसुब्रमणियन यांनी याच केरळी परंपरेच्या अभ्यासाला मोठे बळ दिले. ज्येष्ठदेवांच्या मल्याळम ‘युक्तिभाषे’ची इंग्रजी भाषांतरासह आवृत्ती २००८ मध्ये निघाली, तिच्या विवेचक टिपा लिहिणाऱ्या तिघांपैकी ते एक. भाषांतरकार के. व्ही. शर्मा मात्र २००५ मध्येच निवर्तले होते.