गादीला ऊन दाखवा!

बालमित्रांनो, तुमच्या घरातली सर्वांत जास्त वापरातली वस्तू कोणती? सायकल? टीव्ही? छे! ती आहे तुमची गादी. रोजची आठ-नऊ तास झोप धरली, तर दिवसाचा तिसरा हिस्सा तुम्ही तिच्यावर काढता. पण तिच्याकडे लक्ष देतो कोण?

आपला नगर जिल्हा, म्हणजे २०२४पासूनचा अहिल्यानगर, कापसाचाही आहे बरं का! दिवाळीच्या आसपास शेवगाव-पाथर्डीकडे गेलात, तर बोंडं फुटून पांढरी झालेली रानं दिसतील. सरकी काढली की असाच कापूस गादीत जातो. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर त्याचा तंतू पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. अशा तंतूंच्या मध्ये हवा राहते. म्हणून नवी गादी फुगीर आणि ऊबदार!

पण कापूस ओलही शोषतो. रात्रीचा घाम गादीत मुरतो, ओलसर कापूस अंगाखाली दबतो आणि खळगा पडतो. शिवाय त्या ओलीत धुळीतले अतिसूक्ष्म किडे वाढतात. आपल्या त्वचेचे गळालेले कण हे त्यांचं जेवण. त्यांच्या विष्ठेमुळे काही जणांना सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात, दमा असेल तर धाप लागते.

यावर उपाय काय? ऊन! आणि त्याची आपल्याकडे काय कमी? पंधरा दिवसांतून एकदा गादी गच्चीवर किंवा अंगणात टाका. दोन तासांनी उलटा. काठीने चोपा, पण दमा असणाऱ्याने लांब राहायचं हं! दव पडायच्या आत ती घरात आणा. अंथरताना डोक्याकडची बाजू पायांकडे करा. पावसाळ्यात फरशीवर नुसती टाकू नका, खाली चटई घाला. आणि गादी कधीच धुऊ नका. आतल्या कापसाचे गोळे होतात, लवकर वाळत नाही आणि बुरशी धरते. धुवायची ती खोळ आणि चादर. जपानमधले लोकही कापसाच्या गाद्या, म्हणजे फुटॉन, सज्जाच्या कठड्यावर उन्हात टाकतात.

इतकं करूनही काही वर्षांनी गादी दगडासारखी होते. पूर्वी दारावर पिंजारी यायचा. धनुष्यासारख्या पिंजणीची तात छेडली, की टँव टँव आवाज करत कापूस ढगासारखा उडायचा! आता दुकानात यंत्रावर पिंजतात. फोमची गादी बसली की टाकूनच द्यावी लागते, कापसाची मात्र पुन्हा पिंजून भरता येते. तेव्हा आई-बाबांनो, आजीची जुनी गादी फेकण्याआधी एकदा उसवून पाहा.

आता एक नाजूक गोष्ट. माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगा दिवसभर खाली मान घालून बसला होता. त्याच्या अंगणात वाळत घातलेली गादी शेजारच्या मुलांनी पाहिली होती, आणि वर्गात त्याला चिडवलं होतं. मुलांनो, पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण पंधराजणांना रात्री झोपेत शू होते. ती कुणी मुद्दाम करत नाही. बहुतेकांचं वयाबरोबर आपोआप थांबतं. पालकांनो, रागावू नका, मारू तर मुळीच नका. सात वर्षांनंतरही होत असेल, किंवा थांबलेलं पुन्हा सुरू झालं, तर डॉक्टरांना विचारा. गादी ओली झाली तर आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्या, मग थोड्या साबणाच्या पाण्याने तेवढाच भाग पुसा आणि लगेच उन्हात टाका.

मग येत्या रविवारी एक कराल? गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून आपापल्या गाद्या उन्हात घाला. गाद्या कोरड्या होतील, शिंका कमी होतील, आणि कोणाची गादी कशासाठी बाहेर आली आहे, हे कुणालाच कळणार नाही!