सोलमध्ये इंग्रजीसाठी विमानं थांबतात!

नोव्हेंबरमधला गुरुवार. सोलमध्ये थंडी अशी की नाक जागेवर आहे ना, हे मधूनमधून हात लावून बघावं. दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी अख्ख्या दक्षिण कोरियातली विमानं थांबली. संप नाही, वादळ नाही. बारावीच्या पोरांची ‘सुनुंग’ म्हणजे कॉलेज प्रवेशाची परीक्षा होती आणि इंग्रजीच्या पेपरातला ऐकण्याचा भाग सुरू होणार होता. 35 मिनिटं ना उड्डाण, ना लँडिंग. सकाळी ऑफिसंही उशिरा उघडली होती, रस्त्यात ट्रॅफिक नको म्हणून. (आपल्याकडे परीक्षा केंद्राशेजारचा डीजे बंद झाला तरी खूप!)

मी जिच्याकडे उतरले होते, ती सरकारी हायस्कुलात इंग्रजी शिकवते. चौदा वर्षं. मी तिला ‘ओन्नी’ म्हणायचे, म्हणजे आपली ताई. गंमत सांगू? पहिले दोन दिवस ओन्नी माझ्याशी फोनमधल्या ट्रान्सलेटरमधून बोलत होती. इंग्रजीची टीचर! मला वाटलं, शिष्ट असेल.

तिसऱ्या दिवशी रात्री तिने मला देची-दोंगला नेलं. गंगनममधला हा भाग खाजगी क्लासेससाठी फेमस. क्लासला तिथे ‘हागवॉन’ म्हणतात. सोलमध्ये ते रात्री दहाला बंद करावे लागतात, असा नियमच आहे. दहाच्या ठोक्याला पोरांचा लोंढा बाहेर आला आणि आईबाबांच्या गाड्यांची रांग लागली. ‘हीच मुलं उद्या माझ्या वर्गात झोपतील,’ ओन्नी म्हणाली. यावेळी फोनशिवाय, सरळ इंग्रजीत. मी जे उद्या शिकवणार, ते यांचं आजच होऊन गेलंय.

मग बांध फुटला. कोरियात 1997 पासून तिसरीपासून इंग्रजी आहे. तरी सुनुंगचा पेपर बघा: 45 प्रश्न, 70 मिनिटं, सगळे पर्यायवाले. 17 ऐकायचे, बाकी वाचायचे. एक शब्द बोलायचा नाही, एक वाक्य लिहायचं नाही. काही वर्षं प्रश्न सरकारी चॅनेलच्या पुस्तकांशी इतके जोडलेले असायचे, की मुलं उताऱ्यांचं कोरियन भाषांतरच पाठ करून जायची. म्हणजे आपलं ‘अपेक्षित’च की! ताण कमी करायला 2017 च्या पेपरापासून 90 किंवा त्याहून जास्त मार्क मिळालेल्या सगळ्यांना पहिली श्रेणी द्यायला सुरुवात झाली. पण 2025 च्या पेपरात कांटच्या तत्त्वज्ञानावरचा उतारा आला, पहिली श्रेणी मिळाली जेमतेम 3.11 टक्के मुलांना, आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या प्रमुखांनी राजीनामा दिला.

‘मग बोलायला कोण शिकवतं?’ मी विचारलं. त्यासाठी 1995 पासून परदेशी शिक्षक आणतात. ते वर्गात आले की हिने बाजूला उभं राहायचं. मुलांसमोर आपलं चुकलं तर? त्या भीतीने बोलणंच सुटलं, म्हणाली. खरं सांगते, मला एकदम माझी मराठी मीडियमची शाळा आठवली. पहिलीपासून इंग्रजी होतं हो, पण तोंड उघडलं ते थेट मास कॉमच्या इंटरव्ह्यूला. तेही अर्धंच.

‘तूच ये ना शिकवायला,’ ओन्नी म्हणाली. मी हसले. त्या नोकरीच्या व्हिसासाठी पासपोर्ट ठरावीक सात देशांपैकी एकाचा लागतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. 2010 च्या व्यापार करारानंतर भारतीयांसाठी दार जरा किलकिलं झालं, पण शिक्षकाची पात्रता हवी. माझ्याकडे ती कुठे!

बोलता बोलता मी म्हणाले, माझी फ्लाइट प्रीपोन झालीय. ती थबकली. ‘प्रीपोन? हा शब्द बरोबर आहे?’

‘आमच्याकडे शंभर टक्के!’

तिने लगेच वहीत लिहून घेतला. घरी पोचेपर्यंत आम्ही तासभर बोललो, फोन पर्समध्येच होता. दोघींच्याही चुका होत होत्या, मोजल्या कुणी नाहीत.

पुण्यात परतल्यावर आठवड्याने तिचा मेसेज आला. आजची स्टाफ मीटिंग प्रीपोन झाली म्हणे. मी विचारलं, मुलांना शिकवलास का शब्द?

‘छे,’ तिचं उत्तर. ‘पेपरात चूक धरतील.’