सामायिक आणि सहा कप

सामायिक म्हणजे दोन घटिका, अवघी 48 मिनिटे. तरीही गतवर्षीच्या चातुर्मासात नांदेडच्या स्थानकात मला दोनदा अर्ध्यावर उठावे लागले. लघुशंकेची घाई आवरेना. वयाला दोष देऊन लाजेने गप्प राहिलो.

पुढे लातूरला मुलीकडे गेलो असता तिनेच डॉक्टरांकडे नेले. त्यांनी प्रोस्टेट तपासले. ते निर्दोष निघाले. मग विचारले, "दिवसाकाठी चहा किती?" बँकेतील सवयीने सहा कप, शेवटचे दोन चौविहारापूर्वी घाईघाईने, पाणी मात्र थोडेच. ते म्हणाले, कॅफीन मूत्राशयाला उत्तेजित करते, मूत्रही वाढवते. निम्मा अंश सुमारे पाच तासांनंतरही शरीरात उरतो. पाणी कमी पडले की मूत्र दाट होऊन मूत्राशयाला अधिकच त्रास होतो.

चहा एकदम सोडल्यास डोके दुखते. म्हणून आठवड्याला एकेक कप घटवला. आता सकाळी एकच कप आणि सूर्यास्तापर्यंत थोडे थोडे उकळलेले पाणी. यंदाच्या पर्युषणात एकही सामायिक अर्धवट राहिले नाही.

रसपरित्याग म्हणून तूप, गोड अनेकदा सोडले. चहा सोडणे कधी सुचले नव्हते. समवयस्क श्रावकबंधूंनी असा त्रास लपवू नये, एवढीच विनंती.