दीड ग्रॅम जास्त

कोल्हापुरात विज्ञान शिकणाऱ्या आमच्या पिढीला धातूंच्या ऑक्साइडची गोडी लागली ती शिवाजी विद्यापीठातल्या थिन फिल्मच्या कामाविषयी ऐकून. मी संशोधन केलं ती प्रयोगशाळा मात्र वेगळी, लहानशी होती. चूक तिथली नव्हे, माझी.

जुलै महिना होता. झिंक नायट्रेटच्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब सोडत, 80 अंशांवर ढवळून मी झिंक ऑक्साइडचा पांढरा साका पाडला होता. धुताना गाळून आलेल्या पाण्यात पीएच पेपर बुडवला. तो निळा झाला. साका अजून चार वेळा तरी धुवायला हवा होता. पण सकाळी एक्सआरडीसाठी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक तपासणाऱ्या मशीनवर, नंबर लागला होता. तो चुकला की पुढचे तीन आठवडे थांबायचं. मी साका तसाच ओव्हनमध्ये ठेवला.

सकाळी वजन केलं. हिशेबाने 8.1 ग्रॅम पावडर यायची, काट्यावर 9.6 भरली. माझ्या हाताखाली शिकणारी मुलगी म्हणाली, "दादा, जास्त कशी काय आली?"

"ओल राहिली असेल," मी म्हणालो.

एक्सआरडीत 31.8, 34.4 आणि 36.3 अंशांवर झिंक ऑक्साइडचे पीक अगदी जागेवर होते. 29.4 वर एक बारीकसा पीक होता. तो नॉइज समजून मी सोडून दिला. शेररच्या सूत्राने स्फटिकांचा आकार 24 नॅनोमीटर निघाला. पावडर पाण्यात मिसळून यूव्ही स्पेक्ट्रम घेतला, तर बँड गॅप 3.3 इलेक्ट्रॉन व्होल्ट. पुस्तकातलाच आकडा! मी निर्धास्त झालो. पुढचे घाणेही तसेच घाईत धुतले. पावसाळाभर बाटलीतल्या पावडरीचे गोळे होत राहिले आणि मी कोल्हापूरच्या दमट हवेला बोल लावत राहिलो.

त्या पावडरीवर ती मुलगी पाच महिने मेथिलीन ब्लूचा रंग घालवण्याचे प्रयोग करत होती. दर वेळी 50 मिलिग्रॅम मोजून घ्यायची आणि दर वेळी उत्तर वेगळं यायचं. आपलाच हात कच्चा आहे, असं तिला वाटू लागलं होतं. हे मला आजही बोचतं.

शेवटी तिनेच पावडर पुन्हा धुतली, पीएच पेपर निळा होईनासा होईपर्यंत. पाच ग्रॅमची सव्वाचार ग्रॅम उरली आणि 29.4 वरचा पीक नाहीसा झाला. धुऊन गेलं ते साका पाडताना तयार झालेलं सोडियम नायट्रेट होतं. हवेतली ओल तेच शोषत होतं. यूव्हीच्या वेळी ते पाण्यात विरघळून गेलं आणि झिंक ऑक्साइड जिथे प्रकाश शोषू लागतो तिथे ते काहीच शोषत नाही, म्हणून बँड गॅपमध्ये त्याचा मागमूस लागला नाही. काट्याने, एक्सआरडीने, बाटलीने, तिघांनीही सांगितलं होतं. मी ऐकलं फक्त मला हव्या असलेल्या आकड्याचं.

मी तिची माफी मागितली. पाच महिने परत देता आले नाहीत. आजही वजन हिशेबापेक्षा जास्त भरलं, की मी पावडर घेऊन मशीनकडे जात नाही. पुन्हा सिंककडे जातो.